पंजाबरावच्या माघारी कोण

पंजाबरावचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मोर्शीजवळच्या रोपवाटिकांत चाळीस वर्षे त्याने संत्र्याचे डोळे भरले. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, तीत संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. दिवसाला हजार. मी शेजारच्या ओळीत असायचो. माझे सातशेच्या वर कधी गेले नाहीत, आणि जगायचेही त्याचेच जास्त.

यंदा सत्तरी लागली तशी त्याने मृत्युपत्र करायचे ठरवले. मजुरीतून बांधलेले दोन खोल्यांचे घर बायकोच्या, मैनाबाईच्या, नावे करायचे. नाहीतर पोरे घर विकतील आणि बाई दोन महिने अकोल्याला, दोन महिने अमरावतीला फिरत राहील, ही त्याची धास्ती.

अमरावतीच्या वकिलाने विचारले, "व्यवस्थापक कोण? तुमच्या माघारी हे कागदाप्रमाणे कोण करून देणार?"

पंजाबराव एसटीतून उतरला तो थेट माझ्याकडे आला.

"वामनराव, तुमचं नाव टाकतो."

"मी तुह्याहून दोन वर्षांनं मोठा हावो. मीच आधी गेलो त?"

"हे त ध्यानातच नाई आलं."

मग त्याने अकोल्याला थोरल्याला, गजेंद्रला, फोन लावला.

"मले ठेवा बाबा. मी पाहून घेतो."

पंजाबरावने वर पाहिले. छताचा गळका टिन गजेंद्र दोन पावसाळ्यांपासून पाहून घेत होता.

धाकटा जीवन अमरावतीहून म्हणाला, "तुमाले काई होत नाई बाबा. मरायच्या गोष्टी काहून करून राहिले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो. तिथे चंदा एकटीच एका जुन्या ओळीत वाकलेली दिसली. हे काम ती पंजाबरावच्याच हाताखाली शिकली. डोळा भरून एकवीस दिवस झाले की पट्टी सोडावी लागते, नाहीतर ती खोडात रुतते. त्या ओळीची मजुरी तिला केव्हाच मिळाली होती. पट्ट्या सोडायला तिला कोणी बोलावले नव्हते.

पंजाबराव तिच्या ओळीत गेला.

"चंदा, मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून तुहं नाव टाकू का? वाटा नाई भेटत. काम भेटते."

तिचा हात थांबला नाही. "काकूले इचारलं?"

"तिनंच तुहं नाव काढलं होतं. मीच आयकलं नाई."

"कागद कुठी ठेवसान?"

"कपाटात, साड्यांखाली."

"मले जागा दाखवून ठेवा. अन् ऑफिसच्या खेपा किती?"

"तीन-चार."

"सरकारी ऑफिसात तीन-चार म्हंजे बारा. टाका नाव."

गजेंद्र फोनवर भडकला. "बाहेरची बाई?"

"बाहेरची हाये म्हणूनच. तिले घर इकाचं नाई."

नोंदणी झाली. एका साक्षीदाराची सही मी केली. तेवढ्याला वय आड येत नाही. चंदाला बारा दिवसांची मजुरी द्यावी, असे पंजाबरावने कागदाच्या शेवटी लिहायला लावले होते. कामाचे दाम सोडू नयेत, हे मलाही पटले.

त्या महिन्याच्या मजुरीतून वकिलाची फी गेली. उरले त्यात त्याने नवा टिन आणला आणि स्वतःच वर चढला. मैनाबाई खालून खिळे देत होती.

"झालं," तो म्हणाला.

"त्या कोपऱ्यात अजून एक ठोका," मैनाबाई म्हणाली. "मले इथंच राहाचं हाये."