डब्याआधीचे पाच फ्री थ्रो

आमच्या कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल सोडून तिसऱ्या खेळाला कुणी फारसं विचारत नाही. राजारामपुरीजवळच्या एका शाळेत मी खेळाचा मास्तर होतो. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी तिथल्याच बास्केटबॉलच्या कोर्टवर मुलींना शिकवायला उभा राहायचो आणि शेजारच्या फुटबॉलवाल्या पोरांवर ओरडायचो, कारण त्यांचा चेंडू सारखा आमच्यात यायचा. माझा आवाज मोठा आणि डोकं गरम. मुली मला घाबरतात असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्या माझ्या माघारी माझी नक्कल करायच्या.

त्यातली एक नववीतली, उंच, सडपातळ. खेळ सुरू असला की कुणाला ऐकायची नाही, पण फ्री थ्रोच्या रेघेवर उभी राहिली की गारठायची. फ्री थ्रो दिसायला सोपा असतो. कुणी आडवं येत नाही, सगळे थांबलेले असतात, रेघेवर उभं राहून चेंडू रिंगेत टाकायचा, बस्स. पण त्या शांततेतच माणसाला आपला श्वास ऐकू येतो आणि घाई होते. हिचं कोपर बाहेर जायचं आणि चेंडू रिंगेला आपटून परत यायचा.

तिचं घर जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं, बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही. आमच्या सरावाची वेळ नेमकी तीच, म्हणून तिची आई मोपेडवरून डबा घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी चिडलो. इथं सहल निघालीय का, असं तोंडावर विचारलं. बाई जराही बिचकली नाही. म्हणाली, "सर, तुमची शिट्टी थांबंल. दिवस थांबायचा न्हाय."

मग मी नियम काढला. सलग पाच फ्री थ्रो पडल्याशिवाय डबा उघडायचा नाही, मधला एक जरी चुकला तरी पुन्हा एकपासून. मॅचमधलं दडपण सरावात आणता येत नाही, पण भूक आणि मावळता दिवस आणता येतात, एवढा माझा हिशेब. आईला तो पटला. तीही लेकीबरोबर त्याच डब्यात जेवायची आणि मग रिकामा डबा घेऊन घराकडे निघायची, म्हणजे पोर चुकली की तीही उपाशी. कोर्टाच्या कडेच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन ती बसायची, एक डोळा लेकीवर आणि एक पाण्याच्या टाकीवर, कारण आमचा सूर्य त्या टाकीमागं जायचा.

मी पोरीला एवढंच सांगत राहिलो की कोपर रिंगेकडं ठेव, गुडघे मऊ ठेव, श्वास सोडता सोडता चेंडू सोड. सुरुवातीला फार उशीर व्हायचा. एकदोनदा मीच मोजण्यात मुद्दाम घोळ घातला, कारण सूर्य टाकीला टेकला होता आणि मलाच बघवेना. दिवाळीपर्यंत मात्र तिचा हात बसला. चौथा पडला की आई डब्याचं झाकण सैल करायची, इतकी तिला खात्री. मुगाची उसळ, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मी नको नको म्हणत रोज दोन घास खायचो.

संक्रांतीनंतर आई यायची बंद झाली. पोटाचा कॅन्सर निघाला. वडील दुकानातून मोटारसायकलवर डबा आणून द्यायचे आणि लगेच जायचे. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, हे पोरीनं मला चेंडू आपटता आपटता सांगितलं. मी तिच्या हाताकडं बघून कोपर आत घे म्हटलं.

मग एका संध्याकाळी वडिलांनी आईलाच आणून पायरीवर बसवलं. जेवण झालं की न्यायला येतो म्हणाले. उन्हाळा असून तिच्या अंगावर शाल होती आणि शालीत माणूस फारसा उरला नव्हता. मांडीवर डबा मात्र होता. बाकीच्या मुली आपसूक बाजूला झाल्या आणि पोर रेघेवर गेली.

चार सलग पडले. पाचवा रिंगेच्या पुढच्या कडेला लागून परत आला. पुन्हा एकपासून चार पडले आणि पाचवा परत तिथंच लागला. तिसऱ्या वेळीही तसंच झालं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडू कशावर? कोपर बरोबर, गुडघे बरोबर, श्वास बरोबर. फक्त पाचव्याला ती चेंडू जरासा हातातच ठेवत होती. पाचवा पडला की डबा उघडणार, डबा संपला की आई जाणार. ते मला कळलं. नियम माझा होता, मोडून टाकावा असं फार वाटलं, पण मी चेंडू उचलून परत तिच्या हातात दिला.

सूर्य टाकीला टेकला. आईनं बराच वेळ लेकीकडं बघितलं. आठवडाभर तिच्या पोटात पेजसुद्धा टिकत नव्हती, हे पोरीला माहीत होतं आणि मलाही. आई म्हणाली, "टाक की गं आता. मला भूक लागल्या."

पोरीनं डोळे पुसले नाहीत. पाचही टाकले, एकही रिंगेला न लागता. मग दोघी पायरीवर जेवल्या, म्हणजे पोर जेवली आणि आईनं भाकरीचा एक तुकडा हातात धरून ठेवला. मी पाठ फिरवून फुटबॉलवाल्यांवर उगाच ओरडलो.

त्यानंतर आई आली नाही. महिन्याच्या आतच गेली.

काही आठवड्यांनी पोर परत कोर्टवर आली. घरून जेवून आलेय म्हणाली. मी काही सांगायच्या आत रेघेवर गेली, चेंडू हातात घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, तिथं बसा की." मी पायरीवर जाऊन बसलो. तिनं पहिल्याच खेपेला पाचही टाकले. वर्षभर मी जे मागत होतो ते असं झटक्यात पदरात पडलं, आणि मला ते नको होतं. सूर्य टाकीच्या खूप वर होता.

चेंडू काखेत धरून तिनं टाकीकडं बघितलं. मग म्हणाली, "अजून उजेड हाय. परत टाकू?"

टाक म्हटलं. कोपर अगदी बरोबर होतं, त्यामुळं मला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रिकामे हात मांडीवर ठेवून बघत बसलो.