नवरंग फार जवळ आला

"तू म्हणून राहिला ना, फोटो लेन्स काढते म्हणून? मग घे. आज तू काढ."

रोहननं पारशिवनीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, मागच्या सीटवरची लांब काळी बॅग उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. बॅगेत त्याची सहाशे मिलिमीटरची लेन्स होती. ती घेऊन त्याला वर्ष झालं होतं. ते वर्षभर मी तिच्याकडे आणि त्याच्याकडे बघत काढलं होतं.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी तुही घेतो. हिसाब बरोबर."

मी लगेच हो म्हटलं. थोडे आढेवेढे घ्यायला हवे होते, ते घेतले नाहीत.

आधी या दोन लेन्समधला फरक सांगतो. टेलिफोटो लेन्स म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, दुर्बिणीसारखी. रोहनची प्राइम प्रकारातली. तिला मागेपुढे करता येत नाही, सहाशे म्हणजे सहाशेच. पण तिची पुढची काच ताटलीएवढी मोठी असते. भरपूर प्रकाश आत येतो, त्यामुळे दाट सावलीतही पक्ष्याचं पीस न् पीस दिसतं आणि मागची झाडी लोण्यासारखी विरघळते. माझी झूम. ती दीडशेपासून सहाशेपर्यंत जाते, पण काच लहान. सावलीत ती दमते. फोटोत रवाळ दाणे येतात. शिवाय ती जुनी झाली आहे. तोंड खाली केलं की तिची नळी आपोआप घसरून लांब होते, म्हणून नळी जिथल्या तिथं राहावी यासाठी मी तिला मेथीच्या जुडीचं रबर लावून ठेवतो.

आम्ही दोघं रामदासपेठेतल्या एका स्टुडिओत नोकरीला आहोत. हॉटेल, ऑफिस, हॉस्पिटल यांच्या भिंतींसाठी मोठाले फोटो काढून, छापून, लावून द्यायचे, हे आमचं काम. स्टुडिओ अंजली मॅडमचा. मी पारशिवनीच्या शाळेत शिकलो, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं नुसत्या परीक्षा देत होतो. तेव्हा माझे मोबाईलवर काढलेले चार फोटो बघून मॅडमनी मला कामावर घेतलं, स्टुडिओचा कॅमेरा हातात दिला आणि रंग कसे बघायचे हे शेजारी बसवून शिकवलं. हे उपकार मी विसरत नाही. त्यामुळे अडचण अशी होते की त्यांच्याजवळ तक्रार करता येत नाही.

तक्रार एकच होती. पक्ष्यांचं मोठं काम आलं की ते रोहनकडे जायचं. त्याचे वडील डॉक्टर. लेन्स वाढदिवसाला मिळालेली. फोटो मागवले की त्याचे गुळगुळीत यायचे, माझे दाणेदार. मॅडम स्क्रीनवर दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मी कँटीनमध्ये म्हणायचो, फोटो काय, लेन्स काढते. हे रोहनच्या कानावर जायचंच. तो हसायचा. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो डब्यातली भाजी आधी मला वाढायचा.

आता या वेळचं काम. लहान मुलांचं एक नवं हॉस्पिटल उघडणार होतं. तळमजल्यावर आत शिरल्याबरोबर जी भिंत दिसते तिच्यावर जमिनीपासून छतापर्यंत एकच पक्षी हवा होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवरंग सांगितला. नावाप्रमाणे अंगावर सगळे रंग असलेला, मुठीएवढा, आखूड शेपटीचा पक्षी. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पेंचकडे येतो, जमिनीवर पालापाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. पाऊस लागला, रान वाढलं, की आवाज येतो पण पक्षी दिसत नाही.

मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "ज्याचा नवरंग भिंतीवर जाईल, वरच्या चारही मजल्यांचं काम त्याच्याकडे. आणि खाली कोपऱ्यात त्याचं नाव छापू. क्लायंट तयार आहे."

नाव छापणं आमच्या कामात दुर्मिळ असतं. माझ्या बाबांना अजून वाटतं की मी लग्नाचे फोटो काढतो. शेजाऱ्यांनाही ते तसंच सांगतात. हॉस्पिटलच्या भिंतीवरचं नाव मी त्यांना बोट ठेवून दाखवू शकलो असतो. म्हणून मला हा फोटो हवा होता. आणि खरं लिहायचं तर, तो रोहनला मिळू नये म्हणूनही हवा होता.

त्याआधीच्या तीन खेपांत नवरंगानं आम्हाला फक्त शीळ ऐकवली होती. ही शेवटची सकाळ. आभाळ भरून येऊ लागलं होतं.

कॅमेरे दोघांकडे स्टुडिओचेच, एका कंपनीचे. त्यामुळे लेन्सची अदलाबदल सोपी होती. गाडीतच केली. रोहन म्हणाला, "इच्याबद्दल काही सांगू का? दोन-तीन गोष्टी आहेत."

"माहीत आहे बे," मी म्हटलं. "सगळं वाचलं आहे."

वाचलं होतंच. या लेन्सबद्दल इंटरनेटवर जितके व्हिडिओ आहेत, ते मी हुडकेश्वरच्या खोलीवर झोपायच्या आधी पाहिले होते. फक्त मी त्यातला तिच्या कौतुकाचा भाग पाहायचो. हेवा वाटत असला की माणूस दुसऱ्याच्या वस्तूत दोष शोधतो असं म्हणतात. माझं उलट होतं. मला तिच्यात एकही दोष चालत नव्हता.

आमचं हाइड कुसुममावशीच्या शेताच्या कडेला आहे. हाइड म्हणजे लपून बसायची जागा. चार बांबू, वर पत्रा, भोवती हिरवी जाळी, समोर लेन्स बाहेर काढण्यापुरतं भोक. आठ-नऊ पावलांवर मातीची उथळ परळ पाण्यानं भरून ठेवलेली असते आणि शेजारी एक वाळकी फांदी रोवलेली. पक्षी पाण्यावर येतो, फांदीवर बसतो, आपण फोटो काढतो. मावशी पाण्याची बादली हाइडपाशीच विसळत होती.

"जय भीम, मावशी."

"जय भीम बापू. आज तोफ तुह्याकडे काहून?"

"रोहननं दिली."

"मंग जपून. माह्या कोंबड्यायले नको उडवू."

रोहन मोठ्यानं हसला. मीही हसलो, पण तोफ हा शब्द मला आवडला. आज तोफ माझ्याकडे होती.

पहिला तासभर मी जो काही आनंद घेतला तो सांगता येत नाही. फांदीवर स्वर्गीय नर्तक आला. पांढरा शुभ्र, दीड वीत लांब रिबिनीसारखी शेपटी. माझ्या झूममधून तो नेहमी धुरकट दिसायचा. आज त्याच्या डोळ्याभोवतीचं निळं कडं दिसलं. मग एक निळा माशीमार आला, मग दोन पिवळे सुभग. मी एकामागून एक काढत गेलो. मागची झाडी खरोखर लोण्यासारखी विरघळली होती. शेजारी रोहन माझी झूम घेऊन वैतागला होता.

"अबे, किती अंधार आहे हिच्यात! तू कसं काम करतं बे इच्यावर?"

"करतो," मी म्हटलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. एवढं छान मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शीळ आली. दोन सुरांची, स्वच्छ, अगदी जवळून. नवरंग. आम्ही दोघंही गप्प झालो. मी लेन्स परळीवर रोखून धरली. फोकस लावून ठेवला. श्वास हळू केला. तो पाण्यावर येणार, फांदीवर चढणार, आणि मी त्याला घेणार. आता काही करायचं उरलं नव्हतं.

तो पाण्यावर आला नाही.

तो आमच्या डाव्या बाजूनं, जाळीला जवळजवळ घासून, उड्या मारत पुढे आला. मावशीनं बादली विसळलेलं पाणी सांडून हाइडच्या पुढ्यातला पाला ओला झाला होता. ओल्या पाल्याखाली गांडुळं वर येतात. नवरंग तिथं थांबला आणि चोचीनं पाला उलटायला लागला. आमच्यापासून जेमतेम चार पावलांवर. त्याच वेळी ढग सरकला आणि त्या एवढ्याशा तुकड्यावर ऊन पडलं.

मी लेन्स खाली वळवली आणि बटण दाबलं. लेन्समधून घर्र आवाज आला. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या काचेत, हिरवा, केशरी, निळा असा नुसता धूर. पुन्हा दाबलं. पुन्हा घर्र. फोकस पुढं जायचा, मागं यायचा, कुठंच थांबायचा नाही.

मला वाटलं लेन्स बिघडली. माझ्या हातात बिघडली! मग लक्षात आलं. प्रत्येक लेन्सला एक कमीत कमी अंतर असतं. त्याच्या आतली वस्तू तिला दिसतच नाही, जसा नाकाला लावलेला कागद आपल्याला वाचता येत नाही. एवढ्या मोठ्या प्राइमला निदान चार मीटर लागतात. नवरंग त्याच्या खूप आत होता. मला मागं सरकायला हवं होतं, आणि पाठीला बांबू टेकलेला होता.

शेजारून बारीक टक् असा आवाज आला. तो मी ओळखला. रोहननं माझ्या झूमचं रबर काढलं होतं. म्हणजे त्यानं सहाशेवर धरलेली नळी मागं घेतली होती. म्हणजे सगळा पक्षी त्याच्या चौकटीत बसला होता. माझी झूम अडीच मीटरवरही बघते. हे मला माहीत होतं, कारण ती माझी होती.

मी हात पुढं केला. "रोहन," ओठांनीच म्हटलं, "दे. बदल."

त्यानं मान वळवली नाही. मीही तासभर त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. शटरचा आवाज सुरू झाला आणि चालू राहिला. मी लेन्सवरून डोळा काढला आणि साध्या डोळ्यांनी नवरंग पाहिला. चोचीत गांडूळ, पोटाखाली कुंकवासारखा लाल डाग, डोळ्यावर काळी पट्टी. तो एकदा आमच्याकडे बघून गेला.

मग रोहननं कॅमेऱ्याची मागची स्क्रीन माझ्याकडे केली. डोळा लख्ख होता. डोळ्यात आमच्या हाइडची हिरवी चौकट दिसत होती.

"पाय ना," तो म्हणाला. "तुही लेन्स काय भारी आहे बे!"

तो मनापासून म्हणत होता. मला तेच सहन झालं नाही.

"मी हात केला होता," मी म्हटलं.

"पाह्यला."

"मग?"

"मग काय? तू दिली असती का?"

मी कॅमेऱ्यावरून त्याची लेन्स उतरवायला घेतली. दिली नसती.

परतताना तो गाडीत गाणी लावून बसला होता. कळमेश्वर फाट्याच्या पाटीकडे बघत मी मनात हिशेब मांडला. वर्षभर मी सांगत होतो की फोटो लेन्स काढते. त्या न्यायानं हा फोटो माझा होता. आणि सकाळचे नर्तक नि माशीमार त्याचे होते. ते मला द्यायचे नव्हते, म्हणून हाही मागता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आमचे फोटो उघडले. माझ्या नर्तकावर त्या थांबल्या. "हा तुझा? खूपच सुंदर." मग त्यांनी रोहनचा नवरंग उघडला आणि खुर्चीवरून उठून मागं उभ्या राहिल्या. मोठा फोटो बघायची त्यांची ती सवय आहे.

"मॅडम, लेन्स याची होती," रोहन म्हणाला.

"बरं. मग काय, खाली लेन्सचं नाव छापू?"

"तसं नाही, पण..."

"रोहन, पक्षी एक पाय उचलून उभा आहे, तो क्षण तू निवडलास. नाव तुझं." मग माझ्याकडे वळून, "रंग तू करशील ना? तुझ्याइतके नीट कोणी करत नाही."

हो म्हटलं. त्यांना नाही म्हणायची मला सवय नाही. भिंतीएवढ्या फोटोत रंग थोडा चुकला तरी लाल डाग जखमेसारखा दिसतो, आणि लहान मुलांच्या हॉस्पिटलात ते चालत नाही. मी दोन पूर्ण दिवस त्या फोटोवर बसलो. पोटाचा पिवळसर रंग, पाठीचा हिरवा, खांद्यावरचा निळा, एकेक जागेवर आणला. फोटो जसजसा चांगला होत गेला तसतसं मला वाईट वाटत गेलं. तरी हात कुठं आखडला नाही. कामात तसं जमत नाही, इतकंच.

फोटो लागला त्या दिवशी तुकड्यातुकड्यांत छापलेल्या पॅनलचे सांधे तपासायला मी गेलो होतो. हॉस्पिटल सुरू झालं होतं. हातावर पट्टी बांधलेली एक मुलगी भिंतीशी येऊन उभी राहिली. तिची आई मागून आली.

"हे काय खाऊन राहिलं?" मुलीनं मला विचारलं.

"गांडूळ."

"कच्चं?"

"हो."

तिनं तोंड वाकडं केलं आणि तरीही बघत राहिली. आई म्हणाली, "भाऊ, फोटो तुम्ही काढला का?"

"नाही," मी म्हटलं. "मी रंग पाहिले."

"रंग छान आहेत," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन ओपीडीकडे गेली. कोपऱ्यातलं नाव तिनं वाचलं नाही. कोणीच वाचत नाही, हे मी नंतर तासभर उभं राहून बघितलं. तरी ते माझं नाही, याचं सलणं काही कमी होत नव्हतं.

वरच्या मजल्यांचं काम रोहनकडे गेलं. त्यानं मदतीला मलाच मागून घेतलं आणि मी गेलो. बाबांना सांगितलं की हॉस्पिटलचं काम करतोय. ते म्हणाले, तिथं कोणाचं लग्न आहे?

हेवा गेला का, असं कोणी विचारलं तर नाही गेला. ती तोफ मला अजूनही हवी आहे. पण धंद्याची एक गोष्ट शिकलो. पक्षी किती लांब येईल याची तयारी सगळे करतात, किती जवळ येईल याचीही करावी. म्हणून माझी जुनी झूम आता मी कुठंही जाताना सोबत नेतोच, आणि कोणाला देत नाही. रोहननं परवा मागितली. सर्व्हिसिंगला टाकली आहे म्हणून सांगितलं. ती माझ्या पाठीवरच्या बॅगेत होती.