लोणी चोळलेला मैदा

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे मैद्यात लोणी चोळलं. आम्ही म्हणजे माझ्या बायकोनं. मी परात धरली होती. परात धरायची काही गरज नसते, पण गुडघे गेल्यापासून ती खाली बसत नव्हती, आणि ओट्यावर परात सरकते असं तिचं म्हणणं. म्हणून मी धरून उभा.

स्कोनचं, म्हणजे साहेबी चहाबरोबरच्या छोट्या पावाचं, पीठ असंच करतात. लोणी थंड पाहिजे. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लागू द्यायचा नाही. लागला तर लोणी वितळते आणि स्कोनचा दगड होतो. त्या परातीत तिनं मला जन्मात हात घालू दिला नाही. म्हणायची, "तुमचे हात भट्टीचे. दूरच ठेवा." मी कारखान्यात भट्टीवर होतो, लोखंड तापवायच्या. त्यामुळे घरात पीठ तिचं आणि आग माझी, अशी वाटणी पहिल्यापासून.

पीठ रव्यासारखं मोकळं झालं. तिनं मीठ टाकलं, डब्यात भरलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला. ताक घालून गोळा करायचा तो दुसऱ्या दिवशी, भाजायच्या वेळेला. चव कसली घालायची तेही तेव्हाच. मी म्हटलं, मटार आणि हिरवी मिरची घाल.

"पनागरचा मटार आला का अजून? ते फ्रिजरमधले हिरवे मणी मी घालणार नाही. शहाजिरं घालते."

"शहाजिरं मागच्या रविवारी झालं."

"मग मला काहून विचारून राहिले? तुम्हीच करा."

"हात लावू देशील तर करीन."

"उद्या बघू," ती म्हणाली. "झोपा आता."

रविवारी पहाटे ती गेली. डॉक्टर म्हणाला, झोपेतच, काही त्रास झाला नसेल. त्याला कसं माहीत, ते मी विचारलं नाही. दर रविवारी चार वाजता आमच्याकडे चहाला कारखान्यातले जुने लोक येतात, जे उरले ते. त्या दिवशी ते दहालाच आले. आम्ही तिला ग्वारीघाटावर नेलं. परत आलो, आंघोळ केली, पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर डबा जागेवर.

आता त्या डब्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. तिच्या हातचं ते शेवटचं. ठेवलं तर खराब होणार. टाकून मी देणार नव्हतो. आणि भाजायचं तर तिचं अर्धं काम बाकी होतं, ते मला येत नव्हतं. सून म्हणाली, "बाबा, मी फ्रिज आवरून घेते." मी म्हटलं, "फ्रिजला हात लावू नको." तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिनं नवऱ्याला सांगितलं. माझा मुलगा येऊन माझ्याजवळ बसला. तो चांगला आहे.

हे स्कोन आमच्यात कुठून आले ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सातवी नापास भट्टीवाला आणि निघाला साहेब व्हायला.

एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. कारखाना रात्रंदिवस चालू. माझी डबल शिफ्ट. घरी यायचो ते फक्त झोपायला. खिडक्यांना काळा कागद, दिव्याला काळा कागद. घरात आपली बायको कोणती आणि घडवंची कोणती ते हात लावून पाहावं लागायचं.

मैदानाच्या पलीकडे एक जुना बंगला होता. तिथं एक म्हातारी अँग्लो-इंडियन बाई एकटी राहायची, रेल्वेतल्या गार्डची विधवा. तिला सगळे मॅडम म्हणायचे. सायरनचा सराव सुरू झाला तसा मॅडमचा खानसामा गावी पळाला. माझी बायको गेली आणि फाटकातून म्हणाली, "मैं करती." तिचं हिंदी तेवढंच होतं. इंग्रजी तर शून्य. मॅडमनं विचारलं, क्या बनाना आता? ही म्हणाली, सब. येत काहीच नव्हतं.

मॅडमचा एकच नियम होता. चार वाजता चहा. बरोबर स्कोन, साय, पेरूची जेली, काकडीचे सँडविच. ती म्हणायची, "लड़ाई अपना काम करेगा, हम चार बजे चाय पिएगा." सगळं एका तीनमजली ताटलीवर मांडायचं. खाली सँडविच, मधे स्कोन, वर गोड. मॅडम खायची चिमणीएवढं. उरलेलं ही घरी आणायची.

माझ्या बायकोचाही एक नियम होता. तिच्या माहेरी नैवेद्याच्या आधी स्वयंपाकाची चव बघत नाहीत. मीठ वासावरून कळते, म्हणायची. आणि कळायचं, ते मी पाहिलं आहे. तर मॅडमच्या स्वयंपाकघरातही ती स्कोन ताटलीत काढायची, खिडकीकडे तोंड करून त्यांच्याभोवती पाणी फिरवायची, डोळे मिटायची, आणि मग ताटली बाहेर. मॅडमनं एकदा पाहिलं.

"ये क्या पानी-पानी करता?"

"भगवान को."

"हमारा स्कोन तुम्हारा भगवान खाएगा?"

"पहले वो. फिर आप."

मॅडमनं विचार केला आणि म्हणाली, "ठीक है. लेकिन ठंडा मत करो."

त्या लढाईत बाजारातून एकेक गोष्ट गायब होत गेली. एक दिवस बेकिंग पावडर मिळेना. त्याच दिवशी मॅडमकडे कारखान्यातल्या साहेबांच्या बायका येणार होत्या. जवानांसाठी स्वेटर विणायला त्या आळीपाळीनं एकमेकींकडे जमायच्या. आज मॅडमची पाळी. तीन दिवस आधीपासून मॅडमची धांदल. नवा मेजपोश, चांदीचे चमचे. मॅडम माझ्या बायकोला म्हणाली होती, आज गडबड झाली तर मी नवा माणूस बघीन. आणि हिला ते काम पाहिजे होतं. पैशासाठी पाहिजे होतंच, पण त्याहून जास्त, तिथं गेलं की घरातला काळा कागद दिसत नाही म्हणून.

बेकिंग पावडर नाही. आता काय? आपल्या बायका पापडाला खार घालतात, पापड फुलतो. ही म्हणाली, फुगवायचंच ना, खार तो खार. घरून पापडखाराची पुडी नेली आणि पापडाच्या मापानं घातला. स्कोन फुगले. फुगले ते फुगले, हळदीसारखे पिवळे झाले. हिनं पाणी फिरवलं, डोळे मिटले, चव अर्थातच घेतली नाही, ताटली बाहेर नेली.

पुढचं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की मीच तिथं होतो असं वाटते.

मॅडमनं पहिला घास घेतला. चेहरा हलला नाही. चावला, गिळला, चहा घेतला. एका साहेबाच्या बायकोनं घास तोंडातच धरून विचारलं, "ये कौन सा फ्लेवर है?"

मॅडम म्हणाली, "नागपुर का."

"बहुत अलग है."

"हाँ. सबको समझ में नहीं आता."

मग काय. सगळ्यांना समजलं. सगळ्यांनी संपवले. एकीनं तर कसा करायचा तेही विचारलं.

त्या गेल्यावर मॅडमनं हिला बोलावलं, एक स्कोन हातात दिला आणि म्हणाली, "खाओ." हिनं खाल्ला. कपडे धुवायच्या साबणाची वडी खाल्ल्यासारखं. ही तिथंच रडायला लागली. मॅडम म्हणाली, "रोने का नहीं. कल चखके बनाओ."

"नहीं चखती."

"क्यों नहीं चखती?"

"पहले भगवान."

"तो भगवान को भी साबुन खिलाया ना तुमने?"

ते हिला लागलं. घरी येऊन दोन तास बोलली नाही. मी शिफ्टहून आलो, ताटलीतला एक खाल्ला आणि म्हटलं, "लाटून वाळवले असते तर चांगले पापड झाले असते." तेव्हा बोलली. काय बोलली ते इथं लिहीत नाही.

मग तिनं तोडगा काढला. आधी एकच छोटा स्कोन भाजायचा. तो देवाचा. त्याच्याभोवती पाणी फिरवायचं, मग तो आपण खाऊन पाहायचा. काही कमी-जास्त असेल तर बाकीच्या पिठात सुधारायचं. देवाला आधी मिळालं, मॅडमला चांगलं मिळालं. मी भंगारवाल्याकडून नळीचे तुकडे आणून स्कोन कापायला दोन कड्या घासून दिल्या, एक मोठी आणि एक रुपयाएवढी, देवाच्या स्कोनसाठी. आणि तुपाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्याची, त्याला आमच्याकडे कनस्तर म्हणतात, अंगणात भट्टी करून दिली. तळाला वाळू, खाली कोळसा, झाकणावर कोळसा. तिथं ती घरी शिकायची. बेकिंग पावडर शेवटपर्यंत मिळाली नाही. पण आंबट ताक आणि चिमूटभर खायचा सोडा घातला की काम होते, हे तिला तिथंच सापडलं.

चवी मग क्वार्टरच्या लाइनीतून आल्या. शेजारी रंगूनहून पळून आलेलं एक मद्रासी कुटुंब होतं. त्या मावशीनं भाजलेले तीळ आणि नारळ घालायला सांगितलं. ट्रकच्या कारखान्यात जर्मन इंजिनियर आले होते. त्यातल्या एकाची बायको मॅडमकडे यायची. तिनं पुडीत एक जिरं दिलं, म्हणाली आमच्या ब्रेडमध्ये घालतो. ही वास घेऊन म्हणाली, हे आपलं शहाजिरंच की, आणि तेव्हापासून घरातलं शहाजिरं घालायला लागली. मटार-मिरची आमचीच. मॅडमनं मटाराचा स्कोन पाहिला आणि म्हणाली, "ये स्कोन नहीं है." दोन खाल्ले. तिसरा रुमालात बांधला.

लढाई संपली, मॅडम पुढे बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना तीनमजली ताटली देऊन गेली. आमच्या आताच्या चेरीतालच्या घरात ती अजून आहे. खालच्या मजल्यावर कांदे असतात, वरच्या मजल्यावर माझ्या गोळ्या. रविवारी दोन्ही उतरवून ती ताटली पुसायची आणि चार वाजता मांडायची. असं आमच्याकडे चालत आलं.

आता सोमवारची सकाळ.

मी लवकर उठलो. घरात पाहुणे झोपलेले. आमच्याकडे तीन दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारून डबे येतात. मी अंगणात गेलो. इथंही मी तसाच कनस्तर बसवला आहे, त्याच्याखाली कोळसा लावला. हिचा मोठा भाऊ नागपूरहून आला होता. तो धुराच्या वासानं बाहेर आला.

"भाऊजी, चूल पेटवायची नसते."

"चूल नाही. भट्टी आहे."

"तेच ते."

"जन्मभर भट्टीवर काम केलं. तेच ते नाही."

मी स्वयंपाकघरात गेलो, तो मागून आला आणि खुर्ची ओढून बसला. माझ्याहून मोठा आहे, भांडायची ताकद त्याच्यातही राहिली नाही. "काय घालणार त्यात?" त्यानं विचारलं.

फ्रिजमधून काढलेला डबा माझ्या हातात होता. मटार आला नव्हता. शहाजिरं बरणीत होतं, हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण ती म्हणाली होती उद्या बघू, आणि ते बघून झालं नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं. "साधेच."

नळाखाली हात धरले. पाणी थंड होतं, बराच वेळ धरले, बोटं बधिर होईपर्यंत. पीठ परातीत काढलं, चिमूटभर सोडा टाकला, ताक ओतलं. परात सरकली. ओट्यावर ती खरंच सरकते. मेहुणा उठून आला आणि त्यानं परात धरली.

किती मळायचं ते मला माहीत नव्हतं. गोळा झाला तिथं थांबलो. थापलं, छोटी कडी घेतली, एकच कापला, अंगणात नेऊन कनस्तरात ठेवला, झाकणावर निखारे पसरले. आगीत माझी चूक होत नाही. वेळेला काढला. वरून तांबूस, एका बाजूला कललेला.

मेहुणा म्हणाला, "हा एवढासा कशाला?"

"हा देवाचा."

"सुतक आहे, भाऊजी. नैवेद्य नसतो."

ते खरं होतं. ताटलीभोवती पाणी फिरवायचं नव्हतं. कोणासाठी थांबायचं नव्हतं. मी तो फुंकर मारून मोडला. अर्धा त्याला दिला, अर्धा उभ्याउभ्या खाल्ला. आतून कोरडा होता, घशाला लागत होता. मीठ बरोबर होतं.

"कसा झाला?" त्यानं विचारलं.

"ताक कमी पडलं," मी म्हटलं.

बाकीच्या पिठात थोडं ताक घातलं, मोठ्या कडीनं कापले आणि कनस्तर पुन्हा लावला.