दोघं मिळून भेऊ

"जरा दूर व्हा बाप्पा. मले भेव लागून राह्यलं."

झाडं कापायची पेट्रोलवरची करवत, जिला आम्ही नुसतं मशीन म्हणायचो, ती जमिनीवर ठेवायची, तिच्या मागच्या मुठीत बुटाचं टोक रोवायचं आणि दोरी ओढण्याआधी काकाजींनी हे वाक्य म्हणायचं. दर वेळी. मग एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचे, एकदा उजव्या, आणि ओढायचे.

नागपुरात झाडं कापणाऱ्या एका ठेकेदाराकडे आम्ही दोघं कामाला होतो. ते मशीन चालवायचे, मी दोर धरायचो. आमच्या धंद्यातली माणसं तुम्ही रस्त्यात पाहिली असतील. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, पायात चप्पल, एका हातात लोंबकळत चालू मशीन. काकाजी त्यातले नव्हते. चांगले उंचपुरे, मिशा भरदार, पण झाडाजवळ असे जायचे की जणू दावं तोडून मोकळ्या सुटलेल्या बैलाजवळ जात आहेत.

मी नवा होतो तेव्हा हसून विचारलं होतं, "काकाजी, इतके वर्षं झाले, अजून भेव लागते?"

"काहून नाही लागन? तिले सगळे दात आहेत. माह्ये पडून राह्यले."

मग पँट वर करून पोटरी दाखवली. आत वळलेला, चकचकीत व्रण. तरुणपणी मशीन हातात लटकवून दोरी ओढली होती. साखळीचा ब्रेक लावलेला नव्हता, इंजिन पेटलं आणि साखळी फिरत पायावर आली. "उमरेडले मागावर बसून राह्यलो असतो त पाय तरी शाबूत राह्यला असता," ते म्हणाले. त्यांचे वडील, आजे विणकर. माग बंद पडले तसे हे शहरात आले आणि ज्या वस्तूची सगळ्यात जास्त भीती वाटावी तीच हातात पडली.

कापता कापता ते मध्येच मशीन बंद करायचे आणि खोडाला तळवा लावून उभे राहायचे. झाड पडण्याआधी आतून बारीक कडकड करतं, ती ऐकायला. ठेकेदार चिडायचा. "काकाजी, झाडाले ताप आला का?" काकाजी ऐकत राहायचे.

आता त्या दुपारचं सांगतो.

मे महिना होता. दुपारी आभाळ पिवळं झालं आणि धुळीचं असं वादळ सुटलं की समोरचा माणूस दिसेना. पाणी एक थेंब नाही, नुसता वारा. ते ओसरत होतं तोच ठेकेदाराचा फोन आला. जरीपटक्यात एका गल्लीच्या तोंडाशी मोठं कडुलिंबाचं झाड पडलं होतं. त्याच्याखाली एका बाईचा इस्त्रीचा ठेला होता. बाई आत होती आणि जिवंत होती.

आम्ही पोचलो तेव्हा गर्दी जमलेली. झाडाचं खोड शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर रेललं होतं आणि त्या भिंतीतून विटांचा चुरा गळत होता. एक जाड फांदी ठेल्याच्या पत्र्यावर वाकून दाबून बसली होती. पत्र्याखालून बाईचा हात आणि चेहऱ्याची एक बाजू दिसत होती. पाय आत अडकले होते. इस्त्री कोळशाची. तिच्यातले निखारे कपड्यांच्या ढिगात सांडले होते आणि त्यातून धूर निघत होता.

काही जण खोडाला हात लावून उचलायला निघाले होते. काकाजी ओरडले, "हात काढा! भिंत गेली त सगळं तिच्या अंगावर येते!" त्यांनी लोकांना पाणी आणायला पिटाळलं. मला म्हणाले, "विटा, ठोकळे, भेटन ते खोडाखाली रचत जा. आधी टेका. मंग कापू."

मी आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरला घेऊन टेका रचू लागलो. काकाजींनी मशीन खाली ठेवली, वाक्य म्हटलं, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. एकदा नुसती ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि गप्प. ओढत राहिले, ओढत राहिले. ती दोरी रिकामी परत जायची तो सुर्रकन आवाज मला आजही नको वाटतो. मग पत्र्याखालून आवाज आला.

"बंद पडली का भाऊ?"

तेवढ्यात मला वास आला. "काकाजी, पेट्रोल! पेट्रोल पिऊन बसली!"

गडबडीत चोक ओढलेलाच राहिला होता. इंजिन पेट्रोलनं भरलं होतं, प्लग ओला झाला होता. आता प्लग काढायचा, पुसायचा आणि दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर उडवायचं. काकाजींनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा धुमसणाऱ्या कपड्यांकडे. चेहरा पांढरा पडला. आणि मशीन छातीशी धरून ते ठेल्यापासून लांब, रस्त्याच्या पार पलीकडे पळत सुटले.

"पळून राह्यला रे हा!" कोणीतरी ओरडलं. मग शिव्या सुरू झाल्या. एकानं त्यांच्या पाठीवर बाटली फेकली. पाठमोरं पळताना पाहिल्यावर दुसरं काय वाटणार? निखारे आणि पेट्रोल एका जागी नको, हे त्या घडीला समजावून सांगायला त्यांच्या तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

मी पान्हा घेऊन मागे धावलो. ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसले होते. हात इतके थरथरत होते की पान्हा प्लगवर बसेना. मी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा बसला. प्लग निघाला, ओलाचिंब. सदऱ्याच्या टोकानं पुसला. वरचं झाकण काढलं तर हवेच्या जाळीत वादळाची सगळी धूळ. ती झटकली. जवळ येऊन एक जण बिडी ओढत बघत होता. "बिडी फेक! लांब फेक!" काकाजींचा आवाज चिरका निघाला. आता प्लगशिवाय दोरी ओढली. भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला. पुन्हा ओढली, कमी उडाला. मग नुसती हवा.

प्लग लावला. चोक बंद. दोरी ओढली. नाही. परत. नाही. पलीकडे भिंतीतली एक वीट खाली आली आणि बायका किंचाळल्या. काकाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हता.

मग मला दिसलं. "काकाजी, स्विच!"

प्लग खोलताना स्विच त्यांनीच बंद केला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी लहान पोरासारखं. "हो का? भेवानं केला असन मीच." स्विच वर केला, दोरी ओढली आणि मशीन धुराचा लोट टाकत पेटली. आवाज स्थिर होईपर्यंत त्यांनी ती तशीच चालू दिली. मग ब्रेक लावून परत निघाले. तोवर निखारे विझले होते. राखेचा चिखल झाला होता.

ठेल्याजवळ आल्यावर मात्र त्यांनी मशीन मंद करून बाजूला ठेवली आणि पत्र्याखाली डोकं घातलं. मी मागे उभा, मला सगळं ऐकू येत होतं.

"आयकून राह्यली का वं बाई?"

"हो भाऊ."

"भेव लागून राह्यलं का?"

"लय लागून राह्यलं."

"मले बी. पाय पाहा माह्ये कसे कापून राह्यले. आपण दोघं मिळून भेऊ. आता मशीन लय ओरडन, फांदी हालन. तू डोये मीट अन् मान इकडं कर. मी इथंच आहो."

मी कितीतरी लोकांना धीर देताना पाहिलं आहे. काही होत नाही, घाबरू नका, असंच जो तो म्हणतो. काकाजी तसं म्हणाले नाहीत. तरी त्या बाईनं मान वळवली आणि डोळे मिटले.

दाबून बसलेली फांदी ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. चुकीच्या बाजूनं कापली तर उसळते आणि समोरच्याचं डोकं फोडते. काकाजींनी आतल्या बाजूनं थोडं कापलं, थांबले, तळवा लावला. मग बाहेरून थोडं. भुश्यात त्यांच्या भुवया दिसेनाशा झाल्या. मी फांदीला बांधलेला दोर कमरेभोवती घेऊन मागे रेललो होतो. दोर ताठ झाला, फांदीतून बंदुकीसारखा आवाज आला आणि त्याच क्षणी भिंत गेली.

खोड खाली आलं. वीतभर. आणि आम्ही रचलेल्या टेक्यावर, ठोकळ्यांचा चुरा करत, थांबलं.

मला वाटलं, संपलं. मग धुळीतून बाईचं खोकणं ऐकू आलं.

पत्रा उचलला, तिला ओढून काढली. एक पाऊल चेंगरलं होतं. अँब्युलन्समध्ये चढवताना तिनं काकाजींना शोधलं. "भाऊ, गेलं का भेव?"

"अजून नाही वं," काकाजी म्हणाले.

पुढे तिचा पाय वाचला. थोडी लंगडते, पण चालते. ठेलाही पुन्हा लागला, झाड नसलेल्या जागी.

त्या संध्याकाळी काकाजी फुटपाथवर बसून होते. मुठी वळलेल्या, त्या उघडेनात. बाटली फेकणाऱ्यानंच चहा आणून दिला. मी ग्लास त्यांच्या ओठाला लावला. एक घोट घेऊन म्हणाले, "साखर कमी हाय," आणि मग ढसाढसा रडले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ झाडं कापली. विमानतळाजवळ मिहानकडे नव्या रस्त्यासाठी कापली, शाळांच्या आवारातली वाळकी कापली. एकदा एका बंगल्याच्या आवारात शिरीषाचं झाड कापत होतो. मला खोडातून कडकड ऐकू आली. मी ओरडलो. काकाजी कापतच राहिले. पुन्हा ओरडलो. शेवटी दोर टाकून धावलो आणि त्यांना कॉलरला धरून मागे खेचलं. झाड आमच्या पावलांशी येऊन पडलं.

मशीन बंद करून ते माझ्याकडे बघत राहिले. "तू केव्हा ओरडला?"

मी सांगितलं.

"अन् झाड?"

"ते त कधीचं बोलून राह्यलं होतं काकाजी."

ते पडलेल्या खोडावर बसले. एवढी वर्षं त्या मशीनचा आवाज कानाशी घेऊन कान गेले होते, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्यासुद्धा. "झाड बोलते ते आयकू येत नाही, त भेव लागन कसं?" ते सावकाश म्हणाले. "अन् भेव नाही लागलं त मरीन ना गा मी. तुले बी मारीन." मशीन पुसली, पत्र्याच्या पेटीत ठेवली, पेटी ट्रकमध्ये चढवली. दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. ठेकेदारानं निरोप धाडला, तरी नाही.

ते भिवापूरजवळ मुलीकडे राहायला गेले. तिच्या सासरी मिरचीची शेती. गेल्या उन्हाळ्यात ते वारल्याचं कळलं. झोपेतच गेले म्हणे.

त्याच्या आधी एकदा मी आणि ड्रायव्हर त्यांना भेटायला गेलो होतो. गावाबाहेरच्या मोकळ्या अंगणात लाल मिरची पसरलेली, डोळ्यात न मावणारी. पलीकडच्या टोकाला काकाजी, डोक्याला दुपट्टा, आमच्याकडे पाठ, लाकडी दाताळ्यानं मिरची वरखाली करत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी हाक मारली. ते आपल्या कामात.

ड्रायव्हर सरळ त्यांच्याकडे निघाला. मी त्याचा दंड धरला. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला असता तर केवढ्यानं दचकले असते.

मग मिरचीला चप्पल लागू नये म्हणून आम्ही दोघांनी चपला हातात घेतल्या, आणि मिरचीच्या काठाकाठानं, तापल्या मातीवर, सबंध अंगणाला वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभे राहिलो, लांब, आणि त्यांनी मान वर करायची वाट बघू लागलो.