राबावर टाकलेलं शहराचं खत

शहर स्वच्छ करायचं म्हणजे घाण उचलून दुसऱ्याच्या दारात टाकायची, एवढी साधी गोष्ट मला कळायला माझ्याच बापाचं शेत खर्ची पडलं.

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी कल्याणच्या एका सोसायटीच्या ऑफिसात कारकून होते. सोसायटीनं ओल्या कचऱ्याचं आवारातच खत करायचं ठरवलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. पण लोक ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारूनच टाकत. झाडूवाल्या बाई पिशव्या फाडत, तरी निम्मं प्लास्टिक आतच राही. खत झालं आणि प्रश्न पडला, हे टाकायचं कुठं? कुंड्यांना लागून लागून किती लागणार! मीच पुढे होऊन म्हणाले, आमच्या शेतावर पाठवा. त्यातले रंगीत तुकडे मला दिसत होते. एवढ्यानं काय होतंय, म्हणून मी डोळेझाक केली. चार माणसांत शहाणपण मिरवायची हौस, दुसरं काय.

टेम्पो शेणवे गावाच्याही पुढे, आमच्या गावापर्यंत आला. भाताचं बी जिथं पेरायचं, त्या तुकड्यावर बाबा दर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या फांद्या, पालापाचोळा पसरत, वर माती घालत आणि ते सगळं भाजून काढत. आम्ही त्याला राब म्हणतो. फांद्या तोडण्यावरून मी त्यांना आधीच सुनावलं होतं. आता म्हटलं, "त्याच्याऐवजी हे वापरा."

बाबांनी मूठभर उचलून वास घेतला. "शेहरातला कचरा ना गो ह्यो?"

"कचरा नाही बाबा, खत आहे."

"तू सांगतेस म्हंजे बरंच असंल."

हे खत भाजायचं नसतं, हे सांगायचं मला सुचलंच नाही. आणि राबावर पसरलेलं भाजायचं नाही, हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं.

पुढच्या रविवारी गेले तर बांधावरच जळक्या प्लास्टिकचा वास आला. राखेवर काळी साय धरली होती. आई कोयत्याच्या टोकानं ती खरवडत होती. निघाली तेवढी निघाली, बाकीची मातीला चिकटून बसली.

रोप उगवलं ते चाई पडलेल्या डोक्यासारखं. लावणीला निम्म्या शेतालाही पुरलं नाही. रोपाला आमच्याकडे आवण म्हणतात. दर वर्षी आमचं आवण उरायचं आणि कमी पडलेली माणसं बाबांकडे मागायला यायची. बाबांना त्याचा केवढा अभिमान! त्या वर्षी ते स्वतः मागायला निघाले. मला बघवत नव्हतं, तरी गेले, कारण भारे उचलायला कुणीतरी हवं होतं.

शेजारच्या शेतातले काका बाबांच्याच वयाचे. त्यांनी आढेवेढे न घेता आवण दिलं. मग विचारलं, "तुजं आवण कसं रे बिघाडलं? त्या शेहरातल्या खतानं तर नाय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय रे. खत चांगलं व्हतं. मीच राब भाजायला चुकलो."

"येवढी वर्सं भाजतोस, आन् आता चुकलास?" काका हसले. बाबाही हसले.

मी चिखलात वाकून आवणाच्या जुड्या बांधत राहिले. बोलायला हवं होतं.