फादरांचाही उपास

अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठात मी मध्ययुगातल्या ख्रिस्ती चर्चचा कायदा शिकायला गेले, तेव्हा नागपुरात ते कोणाला नीट सांगताच येईना. आमच्या ओळखीतली जी मुलं अमेरिकेला जात, ती सगळी इंजिनिअरिंगला. तिथला एक पुणेकर मित्र तर भेटेल तेव्हा म्हणायचा, "यार, लॅटिन शिकून पाद्रींची पापं मोजणार तू? कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफर कर ना." मी म्हणायचे, पापं लोकांची असतात, पाद्री फक्त दर लावतात.

त्या दर लावणाऱ्यांचाच मला राग होता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात प्रायश्चित्त हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. आजोबांना तरुणपणी गावाने ते घ्यायला लावलं होतं, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. त्यामुळे अमुक पापाला इतके दिवस पाव आणि पाणी, तमुक पापाला इतकी वर्षं, असं सांगणाऱ्या पाद्रींच्या जुन्या पोथ्या वाचताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असे.

राहत होते एका विधवा आजीबाईंच्या घरी, वरच्या खोलीत. त्या कॅथलिक होत्या. बर्फ असो नसो, दर रविवारी चर्चला जायच्या आणि शेवटच्या बाकावर बसायच्या. मी कुतूहल म्हणून सोबत जाऊ लागले. ख्रिस्तप्रसाद घ्यायला, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकरीचा तुकडा घ्यायला, सगळे रांगेने पुढे जात. आजीबाई तेवढ्या पाय आवरून इतरांना वाट करून देत. फार जुन्या काळी प्रायश्चित्त करणाऱ्यांना असंच मागे, दाराशी थांबवत. तोवर मला ते फक्त पुस्तकातलं वाटत होतं.

एका संध्याकाळी कॉफी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "तू एवढा आमचा कायदा वाचतेस. त्यात परत यायची वाट असते का गं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा नवरा घटस्फोटित होता आणि पहिली बायको हयात होती. चर्चला घटस्फोट मान्य नाही, त्यामुळे तिथे लग्न लागेना, म्हणून यांनी कोर्टात लावलं. तेव्हापासून ख्रिस्तप्रसाद बंद. आता मे महिन्यात लेकीच्या मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता आणि त्या दिवशी आजीने आपल्याबरोबर पुढे यावं असं ही नात धरून बसली होती.

मला उत्तर इतकं सोपं वाटलं की मी फुशारकीनेच म्हणाले, "तुमचे यजमान आता नाहीत. अडचण संपली. फादरांकडे जा, पश्चात्ताप झाला म्हणा. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "कशाचा पश्चात्ताप? त्याच्याशी संसार केल्याचा? मी खोटं बोलून देवाच्या पंगतीत बसणार नाही, पोरी."

त्यानंतर आठवडाभर कॉफीला बोलावणं आलं नाही. मला वाईट वाटलं, रागही आला, आणि तो सगळा मी पोथ्यांवर काढला. बाराव्या शतकातल्या एका कायदेपंडिताने प्रश्न मांडला होता, की मनातला पश्चात्ताप पुरतो, की तोंडाने कबुली द्यावीच लागते? दोन्ही बाजू भरभरून मांडून शेवटी त्याने निकाल वाचणाऱ्यावर सोडला होता. इतका प्रामाणिक वकील मी पाहिला नव्हता, पण आजीबाईंना त्याचा काय उपयोग?

मग त्याहूनही जुन्या एका पोथीत, दरांच्या जंत्रीआधी, पाद्रीसाठीची सूचना सापडली. कोणी कबुली द्यायला आला, तर त्याच्याबरोबर पाद्रीनेही काही दिवस उपास करावा. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शिक्षा ठरवणाराही शिक्षेत सामील! माझ्या आजोबांच्या गावात असा एक जरी निघाला असता, तर त्यांना किती बरं वाटलं असतं. माझे डोळे भरून आले.

घरी येऊन आजीबाईंना सांगितलं. शनिवारी त्यांनी गाडी काढली, मला शेजारी बसवलं आणि चर्च गाठलं. त्या आत गेल्या, मी गाडीत हीटरसमोर हात धरून बसले.

परत आल्या तेव्हा नाक लाल झालं होतं. "मी सांगून टाकलं, की नवऱ्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण माझी सख्खी बहीण लग्नाला आली नाही म्हणून मी तिच्याशी अबोला धरला, ती मरेपर्यंत. त्याचा आहे."

"मग?"

"फादर म्हणाले, जे आहे तेच कबूल करा." चावी फिरवता फिरवता त्या हसल्या. "शुक्रवारी उपास सांगितलाय, मग ख्रिस्तप्रसाद घ्यायला मी मोकळी. मीही सांगितलं, की जुन्या काळी फादरही उपाशी राहायचे म्हणे."

शुक्रवारी फादर खरोखरच आले. गोल पोटाचे गृहस्थ, उपासाचा सराव नसावा. स्वयंपाकघरात दोघं कोरडा पाव आणि पाणी घेऊन बसले. त्यांच्यासमोर मला वरणभात गिळवेना, मीही पाव घेतला. फादरांनी बहिणीबद्दल विचारलं, आणि मग नवऱ्याबद्दल. तो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचा आणि मासा लागला की गाणी म्हणायचा, हे ऐकून फादर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी मीच दिलं.

मेमधला तो रविवार चांगलाच गार होता. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. रांग सुरू झाली तशी नात येऊन उभी राहिली. आजीबाईंनी कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि तिचा हात धरून पुढे गेल्या. मला वाटलं, आता परत येतील, म्हणून मी पाय आवरून वाट करून ठेवली. पण त्या लेकीशेजारी पुढच्या बाकावरच बसल्या. कोट त्यांना लागणार होता. थोडा वेळ थांबून तो हातावर घेतला आणि मीही पुढे गेले.