हरलेल्यांची पंगत

आमच्या हिंगणघाटात टेनिसची स्पर्धा भरायची, आणि तीही बक्षिसाच्या पैशांवर पोट भरणाऱ्या खेळाडूंची, असं आता सांगितलं तर ऐकणारा हसतो. पण बहात्तर सालापासून पंच्याऐंशीपर्यंत दर जानेवारीत ती भरली. तिचं कारण टेनिस कमी आणि रेल्वे जास्त. नागपूरला खेळून झालं की ही मंडळी हैदराबादच्या स्पर्धेला जायची आणि मध्ये त्यांचा आठवडा रिकामा असायचा. गिरणीच्या मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं, गाडी आपल्याच स्टेशनावरून जाते, क्लबात शेणामातीनं सारवलेलं चांगलं कोर्ट आहे, मग पोरांना इथेच का उतरवून घेऊ नये?

राहण्याजोगं हॉटेल गावात नव्हतं. म्हणून क्लबचे सेक्रेटरी बापूजी यांनी एक रीत पाडली. प्रत्येक खेळाडू गिरणीच्या कॉलनीतल्या एकेका घरी उतरायचा आणि त्या घरचाच होऊन जायचा. त्या दिवसांत कोणी खेळाडूचं नाव घेत नसे. "तानाबाईचा जिंकला", "पोस्टमास्तरांचा पहिल्याच दिवशी गेला", असंच बोललं जाई.

या सगळ्या घरांत आनंदाबाईंचं घर वरचं. त्या आमच्या शेजारीण, केळझरच्या शेतकरी घरातल्या. यजमान रूपराव गिरणीच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. दोन्ही मुली सासरी गेलेल्या. बाई अंगानं उंच, आवाज खणखणीत, आणि वाढायला बसल्या की हात असा सैल की ताटाचा तळ कधी दिसायचा नाही. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा तर त्यांनीच करावा. बापूजींनाही ती चव ठाऊक, त्यामुळे नावाजलेला खेळाडू ते हटकून यांच्याकडे पाठवत.

आणि तो खेळाडू हटकून फायनलला हरायचा.

याचं कारण साऱ्या कॉलनीला दिसत होतं, फक्त आनंदाबाईंना दिसत नव्हतं. फायनल दुपारी असायची. मोठ्या कामाला निघालेला माणूस घरातून साध्या जेवणावर कसा पाठवायचा? त्या दिवशी पुरण शिजायचं. डाळीचे तळलेले वडे कुस्करून, वर फोडणीचं तेल घातलेला वडाभात व्हायचा. पाहुणा "नको" म्हणाला की तो लाजतोय असं धरून आणखी एक पोळी पानात पडायची, तिच्यावर तूप, आणि उंबरठ्यावर हातावर दही-साखर. परप्रांतातली पोरं ती, आईच्या वयाच्या बाईला किती वेळा नाही म्हणणार? एक्याऐंशी साली अलाहाबादचा मोतीलाल दुसऱ्या सेटमध्ये एका आखूड चेंडूसाठी जाळीकडे निघाला तो अर्ध्या वाटेत थांबला आणि चेंडूकडे नुसताच बघत राहिला. लोक पोट धरून हसले.

आनंदाबाईंनी हे पाहिलं नाही, कारण त्या कधी कोर्टावर गेल्याच नव्हत्या. सामना चालू असताना त्यांची भांडी, ओटा आणि संध्याकाळची तयारी चालू असे. पण नळावर कॉलनीतल्याच तानाबाईंनी त्यांना गाठलंच.

"आनंदाबाई, आमच्याशी ज्याची फायनल असंन तो दरसाल तुमच्याच घरी ठेवत जा बाप्पा. आमच्या पोराले मेहनतच पडत नाई."

"काऊन वो? म्या काय केलं?"

"तुम्ही काय करसान? तुमच्या पुरणानं केलं!"

बाई हंडा तसाच ठेवून घरी आल्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मागची सगळी वर्षं आठवून पाहिली असावीत.

पुढच्या हिवाळ्यात बापूजी अंगणात आले ते चपला न काढताच बोलू लागले.

"वहिनी, यंदा तुम्हाले त्रास देत नाई. मॅनेजरसाहेब म्हणतेत, घरं बदलून पाहू."

"त्रास कोन म्हणलं? सीधं सांगा नं जी, माझ्या घरचं पोरगं हरते म्हणून."

बापूजी जमिनीकडे पाहू लागले. आनंदाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"पोरी गेल्यापासून हे चार दिवस घर भरते, बापूजी. एक साल द्या मले. हरला तर पुढं मी तोंडातून शब्द नाई काढणार."

"पण फायनलच्या दिवशी पुरण नाई."

"नाई."

"वडाभात नाई."

"अवो, नाई म्हणलं नं!"

असं ठरलं, आणि ब्याऐंशीच्या जानेवारीत त्यांच्याकडे जबलपूरचा ओमप्रकाश आला. काटकुळा, लांब हातांचा, खाली बघून हसणारा. पहिल्या दिवशी "काकी" म्हणाला आणि बाई विरघळल्या. पण शब्द दिलेला होता. तो एकेक फेरी जिंकत गेला, तशी बाईंची घालमेल वाढत गेली. फायनलच्या सकाळी त्यांनी मुगाचं वरण, दोन पोळ्या आणि ताक एवढंच वाढलं. ओमप्रकाशनं ते संपवलं, मग ताटाकडे पाहिलं, मग चुलीकडे. बाईंचा हात पोळीच्या डब्याकडे गेला. समोर बसलेले रूपराव नुसते खाकरले, आणि हात परत आला. "आजवर कोनाले अर्ध्यातून उठवलं नाई मी," एवढंच त्या म्हणाल्या.

स्वयंपाकच नाही, तर भांडी किती असणार? दुपारी बाईंना घरात करायला काही उरलं नाही. माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, "चाल, पाहू तरी काय खेळतेत ते." इतक्या वर्षांत त्यांनी पाहिलेला तो पहिला सामना.

समोर तानाबाईंचा मद्रासी खेळाडू होता. आनंदाबाईंना गुणांचं गणित कळेना. पंधरानंतर तीस आणि तीसनंतर चाळीसच का, असं त्यांनी मला विचारलं आणि मलाही सांगता आलं नाही. पण ओमप्रकाश धावला की त्या पदर आवळायच्या आणि चेंडू जाळीत गेला की "अरे देवा!" म्हणायच्या. पुढच्या रांगेतल्या लोकांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पोरगं हरणासारखं पळत होतं. पहिला सेट त्याचा, दुसरा मद्रासीचा. तिसरा इतका लांबला की उन्हं कोर्टाच्या पलीकडे गेली, आणि शेवटी ओमप्रकाशचा एक चेंडू बोटभर बाहेर पडला.

तो हरला. टाळ्या वाजल्या. तानाबाई आनंदानं उठल्या आणि शेजारणीला मोठ्यानं सांगू लागल्या, "तीन डाव भरून वडाभात घेतला माया पोरानं! तीन डाव! आन् वरून कढी!"

आनंदाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आइकलं? वडाभात खाऊन जितला थो. आन् मी माया लेकराले उपाशी ठेवून हरवलं."

त्यांचे डोळे भरले होते. पण त्यांचा आवाज रडका नव्हता, चिडका होता. घरी येऊन पाहतात तर ओमप्रकाश पिशवी घेऊन केव्हाच गेलेला. तशीच पद्धत होती. खेळाडू हरला की त्या घरी त्याचं येणंजाणं संपे. कोणी त्याला हाकलत नसे, पण हरल्यावर यजमानांसमोर पुन्हा पानावर कसं बसायचं म्हणून पोरं स्वतःच स्टेशन गाठत. रात्री क्लबात जेवण असायचं, ते जिंकणाऱ्याचं आणि साहेबांचं.

"चाला," आनंदाबाई रूपरावांना म्हणाल्या. "स्टेशनावर चाला."

"आता? अवं, गाडी उद्याची हाय त्याची."

"म्हणूनच चाला नं. रात्रभर तिथं बसंन का पोरगं?"

स्टेशनावर ओमप्रकाश एकटा नव्हता. आदल्या दिवशी हरलेले दोघे आणि त्याच्याही आधी हरलेला एक, असे त्याच गाडीचे चौघे बाकावर रॅकेटी मांडीवर घेऊन शेंगदाणे खात बसले होते. चार दिवसांपूर्वी ज्यांना घराघरांतून आग्रह होत होता, तीच ही पोरं. बाई त्यांच्यासमोर कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"उठा सगळे. घर चलो."

ओमप्रकाश उभा राहिला. "काकी, मैं तो हार गया."

"तो क्या हुआ? हरलेल्या मानसाले भूक नाई लागत?"

त्या संध्याकाळी त्यांच्या चुलीवर पुरण चढलं. मी पोळ्या लाटायला गेले होते. पोरं सुरुवातीला अवघडली, मग एकानं मोतीलालची, तो अर्ध्या वाटेत थांबला होता त्याची, नक्कल केली आणि जो हशा पिकला तो कॉलनीच्या टोकापर्यंत गेला असेल. ओमप्रकाशनं किती पोळ्या खाल्ल्या ते मी सांगणार नाही. बाईंनी कधी कोणाच्या मोजल्या नाहीत.

सकाळी बापूजी आले. झालेल्या करारानं आनंदाबाईंचं घर यादीतून जाणार होतं, आणि ते सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. बाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"जितनारे तुम्ही ठेवा, जी. तानाबाईले द्या, कोनालेई द्या. हरला की मात्र पिशवी घेऊन माया घरी आला पाहिजे. स्टेशनावर एकबी पोरगं दिसलं नाई पाहिजे."

बापूजींनी चपला काढल्या आणि ते घरात आले.

त्यानंतर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसापासूनच आनंदाबाईंचं घर भरू लागलं. पहिल्या फेरीत गारद झालेला पहिला येई, आणि फायनलच्या रात्रीपर्यंत एक सोडून सगळे खेळाडू त्यांच्या अंगणात असत. खेळाडूंमध्ये या घराची वार्ता इतकी पसरली की एकदा बापूजी खरोखरच तक्रार घेऊन आले, "वहिनी, पोरं मन लावून खेळून नाई राह्यले!" आनंदाबाई इतक्या हसल्या की त्यांना झारा खाली ठेवावा लागला.

पंच्याऐंशीची स्पर्धा शेवटची ठरली. गिरणीचे दिवस फिरले होते, साहेब बदलून गेले होते, आणि खेळाडूंना आता शहरांतली सिमेंटची कोर्टं हवी होती. त्या वर्षी क्लबात जेवण ठेवायलाही कोणी उरलं नाही. फायनल जिंकलेला कलकत्त्याचा मुलगा बक्षिसाचा कप काखेत धरून आनंदाबाईंच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत पंगत बसली होती.

"मैं भी आऊँ, काकी?"

बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"तू तो जीता ना? फिर बैठनेका नहीं." त्यांनी कप त्याच्या हातातून घेऊन रूपरावांकडे दिला आणि तुपाचं भांडं त्याच्या हाती ठेवलं. "वाढ सगळ्याइले."

तो पहिल्या पानाशी वाकला आणि जपून दोन थेंब टाकले. आनंदाबाई मागून ओरडल्या, "अबे, हात काऊन आखडतं? धार धर, धार!"